विमाने पाच दिवस, दुकाने सव्वीस दिवस

बेंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथे हवाई दलाचा तळ आहे. या तळावर दर दोन वर्षांनी 'एरो इंडिया' हे लढाऊ विमानांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते. पहिले प्रदर्शन १९९६ च्या डिसेंबरात भरले होते. २००१ पासून ते विषम वर्षी फेब्रुवारीत होत आले आहे. पंधरावे प्रदर्शन १० ते १४ फेब्रुवारी २०२५ असे पाच दिवस चालले. पहिले तीन दिवस व्यापाराचे, म्हणजे कंपन्या, लष्करी अधिकारी आणि परदेशी शिष्टमंडळे यांचे. शेवटचे दोन दिवस आम जनतेचे. नऊशेहून अधिक कंपन्यांनी माल मांडला होता. अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ ही विमाने एकाच तळावर लोकांनी पाहिली. बाहेर एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन दुकानदार बाजारात शेजारी शेजारी गाळा लावतात, तसाच हा प्रकार.

सोलापूरच्या टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्याला विमानांशी काय देणेघेणे, असे वाचक बंधू विचारतील. विचारणे रास्त आहे. माझे साडू, ज्यांना आम्ही घरात भाईसाब म्हणतो, यांचे येलहंक्यापासून सहा-सात किलोमीटरवर बिर्याणीचे छोटे हॉटेल आहे. त्यांच्या हॉटेलचे नॅपकिन आणि टेबलावरचे कापड माझ्याकडून जाते. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी ठरलेला माल मागवलाच नाही. फोन केला तर म्हणाले, "भाई, हवाई जहाज उड़ते पाँच दिन, मेरा चूल्हा बंद छब्बीस दिन."

ही अतिशयोक्ती नव्हती. त्या वर्षी बेंगळुरू महानगरपालिकेने आदेश काढला होता की, येलहंका तळापासून १३ किलोमीटरच्या परिसरात २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी मटण, कोंबडी, मासळीची सर्व दुकाने बंद राहतील आणि हॉटेल-धाब्यांत मांसाहारी पदार्थ वाढता येणार नाहीत. मोजून पाहा, सव्वीस दिवस होतात. त्याआधी २०२३ च्या प्रदर्शनाच्या वेळी परिसर १० किलोमीटरचा होता आणि बंदी ३० जानेवारी ते २० फेब्रुवारी, म्हणजे बावीस दिवसांची. दोन वर्षांत परिसर तीन किलोमीटरने आणि मुदत चार दिवसांनी वाढली. प्रदर्शन मात्र दोन्ही वेळा पाच दिवसांचेच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. ही बंदी कोणा एका समाजाविरुद्ध काढली आहे असे म्हणणे चूक होईल आणि तसे बोलून आपणच आपली बाजू कमकुवत करू. बंदीचे कारण खरे आहे. दुकानाबाहेर टाकलेल्या आतड्या-कोथळ्यावर घारी जमतात. घार उंच उडते. पाचशे-सहाशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात एक घार गेली तर विमान आणि वैमानिक दोन्ही जाऊ शकतात. हवाई कसरत मुळातच जिवावरची असते. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंक्यातच सरावाच्या वेळी सूर्यकिरण पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एका वैमानिकाने प्राण गमावले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात आपले तेजस कोसळून वैमानिक गेला. या अपघातांत पक्ष्याचा संबंध नव्हता. पण आकाशात काही सेकंदांत काय होऊ शकते ते यावरून कळते. तेव्हा घारींचा बंदोबस्त हवा, याबद्दल दुमत नाही. बंदीत हिंदू खाटीकही आले, मासळी विकणाऱ्या बायकाही आल्या. सर्वांचेच गल्ले बंद झाले.

माझा आक्षेप वेगळा आहे. २०२५ च्या आदेशात विमान नियम १९३७ मधील नियम ९१ चा आधार दिला होता. हा नियम माझ्या भाच्याने मला वाचून दाखवला. (मी उर्दू माध्यमात शिकलो, कायद्याचे इंग्रजी मला आजही दुसऱ्याच्या तोंडूनच कळते.) त्या नियमात लिहिले आहे की, विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत जनावर कापू नये, सोलू नये आणि हॉटेले, मटणाची व मासळीची दुकाने यांचा पक्ष्यांना ओढणारा कचरा टाकू नये. आणि पुढे सवलतही दिली आहे: दुकानदाराने कचऱ्याची योग्य व पुरेशी व्यवस्था केली आहे अशी खात्री पटली तर सरकार लेखी परवानगी देऊ शकते. म्हणजे नियमाचा रोख कापण्यावर, सोलण्यावर आणि कचऱ्यावर आहे. बंद खोलीत शिजलेली बिर्याणी ताटात वाढण्यावर नाही. घार ताटाकडे येत नाही, उकिरड्याकडे येते. शहराच्या दुसऱ्या भागातून साफ केलेले मांस झाकलेल्या गाडीतून आणले, हॉटेलात शिजवले आणि उरलेली हाडे बंद डब्यात घालून रोज रात्री पालिकेच्या गाडीत दिली, तर विमानाला कोणता धोका? पालिकेला सव्वीस दिवस दुकाने बंद करणे सोपे वाटते, सव्वीस दिवस कचरा वेळेवर उचलणे अवघड वाटते. मूळ दुखणे हे आहे.

आणि मोठ्या कंपन्यांचा करोडोंचा सौदा जिथे होतो, तिथे छोट्या माणसाच्या सव्वीस दिवसांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. भाईसाबांच्या हॉटेलात चार कामगार होते. दोघांना गावी पाठवले, दोघांना डाळ-भात आणि भाजी करायला ठेवले. गाळ्याचे भाडे पूर्ण द्यावे लागले. त्यांच्या शेजारचा मटणवाला तर महिनाभर घरी बसला. त्याच्यामागे बकऱ्यांचा व्यापारी, त्याच्यामागे कातडीवाला, अशी ही साखळी आहे. दुकान चालवण्यासाठी फी भरून परवाना घ्यायचा आणि महिनाभर ते दुकान उघडायचे नाही. त्या महिन्याची फी तरी माफ व्हायला नको काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी स्वतः तिकडे गेलो होतो. उद्यान एक्सप्रेस दुपारी सोलापूरला पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू. १३ फेब्रुवारी हा आम लोकांचा पहिला दिवस. साडूंच्या मुलाने कसरती पाहण्याच्या मैदानाचे हजार रुपयांचे तिकीट माझ्यासाठी काढले होते. आत दालनांतही जायचे असेल तर अडीच हजार, व्यापारी म्हणून पहिल्या तीन दिवसांत जायचे असेल तर पाच हजार. सूर्यकिरणच्या लाल-पांढऱ्या विमानांनी आकाशात तिरंगी धूर सोडला तेव्हा शेजारची लहान मुले बापाच्या खांद्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. खोटे कशाला बोलू, छाती भरून येते. संध्याकाळी घरी आलो. ती शब-ए-बरातची रात्र होती. घरात बायकांनी हलवा केला होता. खाली हॉटेलात निम्मे दिवे बंद होते आणि फळ्यावर 'आज सिर्फ व्हेज' असे खडूने लिहिलेले होते. एरवी त्या रात्री हॉटेलासमोर उभे राहायला जागा नसते.

आता पुढचे ऐका. प्रदर्शन विषम वर्षी फेब्रुवारीत होण्याचा प्रघात आहे. २०२७ सालचा रमजान, चंद्रदर्शनानुसार एक दिवस मागेपुढे, ८ किंवा ९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल. जुन्याच पद्धतीने आदेश निघाला, तर रमजानचे पहिले दिवस बंदीत जातील. हलीम, कबाब, नहारी यांवर वर्षभराची कमाई करणारे लोक आपल्यात किती आहेत हे मी सांगायला नको. शब-ए-बरातची एक रात्र बुडाली ते सोसले. रमजानचा आठवडा बुडाला तर काही दुकाने पुन्हा उघडणार नाहीत. म्हणून बोलायचे ते आदेश निघाल्यावर नव्हे, आत्ताच बोलायला हवे.

हा बेंगळुरूचा प्रश्न आहे, सोलापूरचा नाही, असेही कोणी समजू नये. होटगी रस्त्यावरचा आपला विमानतळ वर्षानुवर्षे निजलेला होता. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, आणि ९ जून २०२५ पासून गोव्याचे विमान सुरू झाले. पुढे मुंबईचेही झाले. त्याचे स्वागतच आहे, आमच्या खरेदीदारांना सोय झाली. पण दहा किलोमीटरचा नियम फक्त येलहंक्यासाठी लिहिलेला नाही, आणि विजापूर वेस काय किंवा शहराचा बाकीचा गाभा काय, होटगी रस्त्याच्या धावपट्टीपासून त्या अंतराच्या आतच आहे. आपल्या खाटीक बांधवांनी कचऱ्याचे बंद डबे आणि उचलण्याची वेळ यांची व्यवस्था आजच करून ठेवली, तर उद्या कोणी बोट दाखवणार नाही. भाईसाब याला 'आग लगने से पहले कुआँ' म्हणतात.

आता कापडाकडे येतो, कारण या पानाचा बहुतेक वाचक कापडाचा आहे.

मैदानातले लोक मान वर करून आकाश पाहत होते. मी दुसऱ्या दिवशी अडीच हजारांचे तिकीट काढून दालनांत फिरलो आणि तिथे मला कापडच कापड दिसले. वैमानिकाचा न जळणारा पोशाख, छत्री, पट्टे, विमानावर टाकायची आच्छादने, तंबू. एका गाळ्यावर काळ्या, चकाकणाऱ्या धाग्याचे विणलेले कापड ठेवले होते. बोटाने चाचपले तर चक्क ट्विल वीण. ते कार्बनचे कापड होते. असे कापड साच्यात थरावर थर ठेवून, राळ भरून, भट्टीत तापवले की विमानाचा पंख होतो. तेजसच्या सांगाड्याच्या वजनातला सुमारे ४५ टक्के भाग अशा मिश्र पदार्थांचा आहे. तसे पाहिले तर १९०३ साली राइट बंधूंनी जे पहिले विमान उडवले त्याच्या पंखांवरही लाकडी चौकटीवर ताणलेली बिनधुवट मलमलच होती. म्हणजे विणकर या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे. फक्त आपण नाही.

याचा अर्थ उद्या अक्कलकोट रोडच्या लूमवर कार्बनचे कापड विणा, असे मी सांगत नाही. तो धागा वेगळा, यंत्र वेगळे, भांडवल वेगळे. केंद्र सरकारने २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटींचे राष्ट्रीय मिशन जाहीर केले. ज्याच्या घरात शिकलेला मुलगा आहे आणि बँकेत पत आहे, त्याने त्याची चौकशी करावी. बाकीच्यांसाठी खालची पायरी आहे. सैनिकाला टॉवेल लागतो, चादर लागते, गणवेश लागतो, पिशवी लागते. ही खरेदी प्रदर्शनाच्या दालनात होत नाही. पूर्वी सरकारी आयुध कारखाने कपडे शिवत. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. कपड्यांची कंपनी 'ट्रूप कम्फर्ट्स' आणि पॅराशूटची 'ग्लायडर्स इंडिया', दोन्ही कानपूरच्या. बाकी सरकारी खरेदीचा मोठा भाग २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या सरकारी बाजारावर येतो. तिथे नोंदणीला दलाल लागत नाही. दलालाला पैसे देऊन फसलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत.

मात्र एक कडवी गोष्ट मला माझ्याच विरुद्ध सांगावी लागते. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी करावी असे केंद्रीय खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना बंधन आहे. त्यांना बयाणा रक्कम माफ आहे. पंचेचाळीस दिवसांत बिल न चुकवणाऱ्याकडून व्याज मागता येते. पण हे सगळे माल बनवणाऱ्यासाठी आहे. माझ्यासारख्या नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते ती फक्त बँकेच्या कर्जाच्या सोयीपुरती. आपल्या बिरादरीतले लोक वर्षानुवर्षे कारागिराकडून माल घेऊन विकत आले. कारागिराच्या नावावर कागद नाही आणि व्यापाऱ्याच्या नावावर लूम नाही, त्यामुळे सवलत दोघांच्याही हाती लागत नाही. चार लूमवाले, दोन शिलाईवाले आणि एक व्यापारी यांनी भागीदारी करून कारखान्याच्या नावाने नोंदणी केली तर मार्ग निघतो. मी स्वतः सध्या याच खटपटीत आहे. सर्वांत अवघड काम लूमवाल्याला हे पटवणे की मी त्याचा माल हडपायला आलेलो नाही.

दुसरी अडचण दर्जाची. बरीच वर्षे झाली, एका सरकारी संस्थेला मी टॉवेल पुरवले होते. कारखानदार म्हणाला, "चाचा, वीस ग्रॅम कमी आहे, हाताला कळतसुद्धा नाही." हाताला कळले नाही, तराजूला कळले. सगळा लॉट परत आला आणि तो मी चाटी गल्लीत नुकसानीत विकला. सरकारी खरेदीत प्रति चौरस मीटर वजन, धुण्यात रंग टिकणे, आकसणे, ताण सहन करणे हे सर्व मोजले जाते. माल पाठवण्यापूर्वी टेक्स्टाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. तपासणीची फी परत आलेल्या लॉटच्या ट्रकभाड्याहून कमी पडते.

गणवेशवाल्यांसाठी खास सूचना. सोलापूरच्या गणवेश उद्योगाने देशभरात नाव केले आहे. सेनेचा नवा ठिपक्यांचा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी प्रथम दिसला. त्याची नक्षी 'निफ्ट' या संस्थेने केली आणि सेनेने ती आपल्या नावावर नोंदवून घेतली आहे. बाजारात मागणी आहे म्हणून तसे कापड छापून विकणे हा गुन्हा ठरू शकतो. मुंबई-दिल्लीचा कोणी व्यापारी 'फक्त शिवून द्या, नाव आमचे' म्हणत आला, तर त्याच्याकडे सेनेचे अधिकारपत्र आधी मागा. पोलीस आले तर तुमच्या दुकानात येतील, त्याच्या दुकानात नाही.

पाच हजारांचे तिकीट काढून येलहंक्याला जावे काय, असे अनेकांनी विचारले. माझे मत असे की, धंद्यासाठी एकट्याने जाऊ नये. तिथे मोठ्या कंपनीचा माणूस तुमचे कार्ड घेतो, हसतो आणि खिशात घालतो. त्यापेक्षा आपल्या राज्यातली संधी जवळची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात मोशीच्या मैदानावर लघुउद्योगांसाठी संरक्षण प्रदर्शन झाले. आपल्याकडून किती जण गेले? नाशिकजवळ ओझरला ऑक्टोबर २०२५ पासून तेजसच्या नव्या जुळणीचे काम सुरू झाले आहे. विमानाच्या कारखान्यातही हजारो हात काम करतात. त्यांना कामाचे कपडे, हातरुमाल, पुसण्याचे सुती कापड रोज लागते. त्यांच्या भांडाराची चौकशी करायला नाशिकपर्यंत एक एसटीचे तिकीट पुरते.

आणि पुन्हा भाईसाबांकडे. बंदीबद्दल त्यांच्या भागातील मटणवाले, मासळीवाले आणि हॉटेलवाले मिळून अर्ज देणार आहेत. जुनी महानगरपालिका सप्टेंबर २०२५ मध्ये संपून तिच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महापालिका आल्या, म्हणून अर्ज दोन्हीकडे द्यायचा आहे. मागण्या चार: कच्च्या मांसाची विक्री आणि शिजवलेले अन्न यांत फरक करावा, बंदीचे दिवस सराव आणि प्रदर्शनापुरते ठेवावेत, कचरा रोज उचलावा, बंदीच्या काळाची परवाना फी माफ करून बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी. मसुदा त्यांनी मला वाचायला पाठवला होता. मजकूर चांगला आहे. खाली तक्ता आहे: दुकानाचे नाव, परवाना क्रमांक, कामगार, रोजची सरासरी विक्री. पहिले तीन रकाने भरलेले आहेत. चौथा रकाना एकवीसपैकी एकोणीस दुकानांचा कोरा आहे, कारण कोणी वहीच लिहिलेली नाही. मी त्यांना कळवले आहे की अर्ज दोन महिने थांबवा, उद्यापासून प्रत्येकाने रोजचा गल्ला तारखेसह लिहावा, आणि त्यासाठी लागणाऱ्या एकवीस वह्या मी सोलापूरहून पुढच्या नॅपकिनच्या गठ्ठ्यात पाठवत आहे.